लेट्यूसचे लाड

९ एप्रिल
बी उगवलंच नाही! आठवडा झाला, कुंडीत नुसती माती. नर्सरीवाला हसला — "वहिनी, एवढ्या उन्हात लेट्यूस? बी आधी ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. थंडी वाटली तरच जागं होईल ते." म्हणजे आता बियांचेही लाड! ठेवलं, दह्याच्या भांड्यामागे.

१३ एप्रिल
मोड आले! ह्यांना नेऊन दाखवले. "मस्त," म्हणाले.

हल्ली सगळंच मस्त. त्या मोठ्या तापातून उठले तेव्हापासून ह्यांच्या तोंडाला चवच नाही. डॉक्टर म्हणतात येईल, कधी ते सांगता येत नाही. जेवण चार घासांवर आलंय, शर्ट अंगावर लोंबतात. गार, कुरकुरीत काही असलं तरच थोडं पोटात जातं. बाजारातली पानं घरी येईपर्यंत माना टाकतात — म्हणून हा खटाटोप.

२९ एप्रिल
कुंड्यांवर जुन्या चादरीचं छत बांधलं. लेक फोनवर म्हणाली, "आई, आमचे नाही केलेस कधी एवढे लाड!"

८ मे
भाजीत मीठ घालायला विसरले. मला पहिल्याच घासाला कळलं. हे म्हणाले, "मस्त झालीय."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ह्या माणसाने जन्मभर माझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवली. मीठ कमी, तिखट जास्त, भात गिच्च! किती भांडलो आम्ही त्यावरून. आता माझं मन राखायला खोटं बोलतात, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे जेवतात. त्यापेक्षा ती किरकिर बरी होती. खरंच बरी होती.

२४ मे
हाव नडली! अजून भरू दे, अजून भरू दे म्हणत कापायचं लांबवलं आणि आज बघते तर मधला दांडा सरसर वर आलेला. नर्सरीवाला म्हणाला, "दांडा आला की पान कडू. उपटून टाका." एक पान चावून पाहिलं — थुंकलंच. एवढे दिवस जपलेलं उपटायचं कसं? हात होईना. उद्या बघू.

२५ मे
लेकीकडे जाऊन आले तर हे टेबलाशी बसलेले. सगळी पानं खुडून, धुवून, ताटलीत मांडलेली — मला खूश करायला! "अहो, ते नको —" म्हणेपर्यंत एक तोंडात गेलंसुद्धा.

तोंड वेडंवाकडं झालं. थुंकले. "शी! काय पिकवून ठेवलंयस हे? कडूजहर!"

मी म्हटलं, परत म्हणा.