खांद्यातला कापूस

११ जानेवारी
भावजींना घाम! जग स्वेटर घालून बसलंय आणि आमचे शिंपीबुवा मशीनवर बसून पुठ्ठ्याने वारा घेताहेत. तोंड लालभडक. थोड्या वेळाने गार. परत लाल. मी काजं करता करता बघत होते. म्हटलं, भावजी, हे तर मला पन्नाशीत व्हायचं, पाळी गेली तेव्हा. तुमची कधी गेली?
इतकी हसले की सुई बोटात गेली. ते नाही हसले.

१३ जानेवारी
दवाखान्यात सोबत मीच जाते. दिराला एकटं कसं पाठवायचं! प्रोस्टेटचा कॅन्सर, मशीनचा शेक देऊन झाला, आता दर तीन महिन्यांनी पोटात सुई. आजही दिली.
डॉक्टरांनी समजावलं. पुरुषाच्या अंगात जो रस असतो ना, त्यावर हा रोग पोसतो. सुई तो रसच बंद करते. म्हणून घाम, म्हणून थकवा, छातीही थोडी भरेल. "पण सुई चुकवायची नाही, आजोबा. रोग झोपलाय, मेलेला नाही. आणि थकवा झोपून जात नाही, चालून जातो. जड काम सकाळी करा, दुपारी थोडंच पडा."
म्हणजे त्यांना उठवून चालवायचा मला परवानाच मिळाला की!
आणि रस बंद म्हणजे काय उरलं? माझी जाऊ गेली त्याला किती वर्षं झाली, घरात बाई मी एकटीच होते. आता दुसरी आली! भावजींचं नाव ठेवलं — जाऊबाई. इथेही तेच लिहिणार.

२ फेब्रुवारी
जाऊबाई उठली नाही. "अगं ऊठ की, चालायला जायचंय." पांघरुणातून आवाज — "वहिनी, अंगात शिसं ओतल्यासारखं झालंय." म्हटलं, मलाही व्हायचं, चूल कुणी पेटवायची मग?
पांघरूण ओढून घेतलं. गेली मुकाट्याने. कोपऱ्यापर्यंत जाऊन आली.

१९ फेब्रुवारी
आजची गंमत लिहिलीच पाहिजे. बँडमास्तरांच्या पोरांचे गणवेश बेतायचे होते. जाऊबाई कापड पसरून टेबलावर टेकली आणि तिथेच डोळा लागला, हातात कात्री तशीच. मी खडू घेतला. हळूच सगळ्या अंगाभोवती रेघ ओढली — डोकं, हात, पोट सगळं. तेवढ्यात बँडमास्तर आले. म्हणाले, "वहिनी, हे कोणाचं माप?" मी म्हटलं, आमच्या जाऊबाईचं. त्यांचं ते ढोलासारखं हसू! जाऊबाई दचकून उठली, खाली बघितलं, आपलीच रेघ. कापड झटकत बसली. खडू लवकर जात नाही.

२७ फेब्रुवारी
आता बँडमास्तरही दारातून ओरडतात, "काय जाऊबाई, पँट झाली का?" समोरचा इस्त्रीवालासुद्धा. माझं नाव चाललं!

८ मार्च
आपलाच सदरा उसवत बसली होती, मशीनमागे, पाठ करून. छातीत कापड सोडत होती. मी मागून गेले. म्हटलं, थोडं आणखी सोड गं, अजून भरेल. ब्लाउजच शीव ना एकदाचा!
सदरा तोंडाशी धरला. रडली बहुतेक. हल्ली रडूही पटकन येतं तिला.
जेवताना म्हणाली, "वहिनी, घरात काय म्हणायचं ते म्हणा. दुकानात नको."
म्हटलं, लाजली गं माझी बाय.

२१ मार्च
पुतणीचा फोन. "काकू, बाबांना हसवत ठेवा. आणि सुई तेवढी चुकू देऊ नका हं. तुमच्यावर सोडलंय मी." म्हटलं, अगं, इथे रोज हशा असतो.

१३ एप्रिल
आज सुई. मी पातळ बदलून तयार. जाऊबाई म्हणते, "मी एकटा जाईन." एकटा! म्हटलं, बाईमाणसाला सोबत लागते. त्यावर चपला घालून तरातरा निघून गेली. चालत! मी बघतच राहिले. माझ्या बोलण्याने पायांत जोर आला म्हणायचा.
आली ती दाढी करून. पोटावरची पट्टी दाखवली, मी मागितली नव्हती तरी.

१४ जुलै
परत एकटीच गेली, परत पट्टी. कापसाचा हा एवढा बोळा! जाड, पिवळट, कोटाच्या खांद्यात आपण भरतो तसला. म्हटलं, दवाखाना कापूसही शिंप्याकडून घेतो की काय? जाऊबाई जोरात हसली. किती महिन्यांनी!

३० ऑगस्ट
दुपारी पडली नाही. जड इस्त्री एका हाताने उचलली.

१६ सप्टेंबर
घाम गेला. पहाटे माझ्याआधी उठते, लांब चालून येते, येताना शीळ घालते. सदऱ्याची छाती परत आत घेतली, स्वतःच. बँडमास्तरांना म्हणाली, "या, आता माप घ्या माझं!" ते ओशाळले. "शिंपीबुवा, तुम्ही तर जवान झालात."
पुतणीला फोन केला. म्हटलं, डॉक्टर चालायला सांगून मोकळे झाले, चालवलं मी. औषध माझ्या जिभेवर आहे. ती रडायलाच लागली. "काकू, तुमचे उपकार."
मी फोन ठेवून स्वतःलाच एक चहा पाजला.

९ ऑक्टोबर
सुईवाली सिस्टर दुकानात आली, पांढरा कोट आखूड करायला. मला म्हणाली, "मावशी, काकांना का आणत नाही? जानेवारीनंतर सुईच नाही घेतली त्यांनी. दोन वेळा चुकली. किती फोन केले, उचलत नाहीत. बरं वाटतं म्हणून सोडतात लोक, पण रोग जागा होतो हो."
मशीन चालूच होतं. जाऊबाईची मान वर नाही.
सिस्टर गेल्यावर मी हाक मारली. "भावजी."
मशीन थांबलं. माझ्याकडे वळून बघितलं त्यांनी, डोळ्यांत अगदी आनंद.
म्हणाले, "आलं का 'भावजी' तोंडात!"