चाकाला पाजलेलं तेल

बा, आज समुद्र अगदी गप्प आहे. बोटीवरच्या माझ्या खोलीत बसून हा कागद तुला लिहितो आहे, आणि कुठल्याही बंदरात तो टपालात टाकणार नाही. तू होतास तेव्हा माझं प्रत्येक पत्र शाळेचे मास्तर तुला वाचून दाखवायचे. ओट्यावर चार माणसं जमायची, आणि त्या चार माणसांना ऐकवण्यासारखंच मी लिहायचो. हवा चांगली आहे, जेवण ठीक आहे, काळजी नसावी. हे पत्र कुणी वाचून दाखवणार नाही, म्हणून यात मोटेच्या चाकाचं लिहितो. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. मी त्या चाकाला पाजलेल्या तेलाने तुझा जीव गेला की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

खालून इंजिनाचा ठोका वर येतो, पाणी बोटीच्या पोटाला घासत जातं, आणि डोळे मिटले की ते पाणी आपल्या पाटातलं होतं. वाशीमच्या वेशीबाहेरचा आपला मळा. एका टोकाला विहीर, दुसऱ्या टोकाला मिरचीचे वाफे, मधे केळीची दाट रांग. वाफ्यात पाणी वळवणाऱ्या मायला विहिरीवरचा तू दिसत नव्हतास. ऐकू मात्र यायचास. बैल धावेच्या उतारावरून खाली उतरू लागले की मोट वर येते आणि चाक लांब, रडक्या सुरात ओरडतं. मग थारोळ्यात पाणी धबाधबा पडतं. बैल मागे सरतात, चाक बारीक कुरकुरतं, पुन्हा तेच. शेजारच्या मळ्यातल्या चाकाचा आवाज घोगरा, आपल्याचा किनरा. परका माणूस कानात बोटं घालील, पण माय खुरपता खुरपता म्हणायची, "चाक बोलून राह्यलं म्हंजे तुहा बाप हाय." जरा वेळ चाक थांबलं, की ती तिथूनच हाक मारायची, "अवो, काय झालं?" आणि केळीपलीकडून तुझं उत्तर यायचं, "काई नाई, नाडा सरकला!" तुमचा दोघांचा संसार मला वाटतं असा केळीच्या आडून, चाकाच्या भरवशावरच झाला.

त्या चाकाच्या कण्यात तू ओंजळीने पाणी सोडायचास, तेल कधीच नाही. मी लहानपणी विचारलं तेव्हा म्हणालास, "चाकाले पाणी पाजावं. तेल पाजलं तं ते मुकं होते." मग मला जवळ बसवून कण्यावर हाताची मागची बाजू टेकायला लावलीस. कुठे गरम लागतं, कुठे सूर चिरतो, कुठला लाकडाचा आणि कुठला दोराचा. कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता तू हे शिकवत होतास, आणि हे शिकवणं आहे हे आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

वांग्यांची टोपली घेऊन बाजाराला गेलो की मी तिथल्या सरकी काढायच्या जिनात शिरायचो आणि वाफेच्या इंजिनापुढे तोंड वासून उभा राहायचो. एकदा तिथल्या मिस्त्रीला मी नुसता आवाज ऐकून सांगितलं की दांड्याचं पलीकडचं टोक तेलाविना कोरडं पडलंय. त्याने हात लावून पाहिलं आणि मला चहा पाजला. त्यानेच पुढे मुंबईच्या गोदीतल्या वर्कशॉपात चिठ्ठी दिली. तुझी परवानगी मागायला आलो तेव्हा तू बराच वेळ बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलास. मग विचारलंस, "समुद्रात एवढं पाणी हाय म्हन्तात, तं तिथचे लोक वांगे काहून नाई लावत?" मी म्हणालो, ते पाणी खारट असतं. "मंग काय कामाचं लेका!" एवढं बोलून तू मोट जुंपलीस. तीच परवानगी होती. गाडीत बसवताना ठेच्याचं गाडगं मांडीवर देऊन म्हणालास, "बाकी काई शिकू नको शिकू, पण आयकाचं सोडू नको."

पाच वर्षं वर्कशॉपात काढली. पहिलं वर्ष तर लोखंडाचा एकच ठोकळा कानशीने सपाट करण्यात गेलं. आता झाला म्हणून घेऊन जावं, तर उस्ताद त्यावर पट्टी धरायचा, खालून उजेड दिसला की ठोकळा परत. हाताची सालटी निघाली. मग बोटीवर पाचवा इंजिनियर. खाली भट्टीसारखी धग, तेलाचा वास, आणि माणसाच्या दुप्पट उंचीचे दांडे वरखाली होत असलेले. कोकणातला एक म्हातारा तेलवाला मला पहिल्या दिवशी म्हणाला, साहेब, बेअरिंग गरम आहे की नाही हे हाताने पाहायचं, दांडा फिरत असतानाच. त्याच्या लयीत हात न्यायचा, त्याच्या लयीत काढायचा. मी हाताची मागची बाजू नेली. तो हसला, म्हणाला, हे कुठे शिकलात? मी नुसतं हसलो. परीक्षेतही साहेबाने तेच विचारलं, बेअरिंग बिघडतंय हे आधी कशावरून कळेल? मी म्हणालो, आवाज बदलतो. कोणी शिकवलं? मी वर्कशॉपचं नाव सांगितलं.

बोटीवर एक गंमत असते, बा. इंजिनाच्या त्या दणदणाटात आम्ही मेल्यासारखे झोपतो, पण इंजिन थांबलं की सगळे इंजिनियर एकदम जागे होतात. ती शांतता अंगावर येते. म्हणजे मायला जे येत होतं तेच आमच्या धंद्यात सगळ्यात मोठं शहाणपण ठरलं. हे ज्याला कळायला हवं होतं, त्यानेच चाक मुकं केलं.

त्या सुट्टीत मी घरी आलो तो बूट घालून, आणि सोबत बोटीवरचा एक मित्र. मुंबईचा, चांगल्या घरचा, हसतमुख. चार दिवस राहिला. मायने त्याला भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढून वाढून बेजार केलं. माझ्या ट्रंकेत बोटीच्या दाट तेलाचा एक डबा होता. दुसऱ्या दिवशी तो घेऊन मी विहिरीवर आलो. तू डब्याचा वास घेतलास आणि तोंड फिरवलंस.

"याले तेल कायले पाजतं बापू? मुकं झालं तं तुह्या मायले कसं समजन?"

"पाणी आलं की दिसेलच तिला," मी म्हणालो. "बैलांच्या खांद्याला किती हलकं जाईल, बघ तर खरं."

"बैलाईनं सांगितलं काय तुले?"

मी इंजिनियर होतो. बैलांचं ओझं, कण्याचं घर्षण, असलं बरंच काही तुला समजावून सांगितलं. तू हो म्हणाला नाहीस, नाहीही म्हणाला नाहीस. पुढच्या सकाळी तू वांगी घेऊन बाजाराला गेलास, आणि मी चाक उतरवलं, कणा घासून पुसला, दाट तेल भरलं. तू परत आलास, मोट जुंपलीस. बैल धावेवरून उतरले, मोट वर आली, पाणी पडलं, आणि चाकाने हूं की चूं केलं नाही. तू मान वर करून त्याच्याकडे बघत राहिलास. केळीपलीकडून मायची हाक आली, "अवो, काय झालं?" मोट चालूच होती. तू म्हणालास, "काई नाई. पोरानं चाकाले तेल देल्लं." ते हसून म्हणालास की कसं, हे मला चौदा वर्षांत आठवता आलेलं नाही.

तुझी बातमी मला परक्या बंदरात मिळाली, दोन महिने शिळी. पुढचं सगळं मी मायच्या तोंडून ऐकलं, आणि आता ते मी स्वतः पाहिल्यासारखं मला दिसतं. चैताची दुपार आहे. माय मिरचीच्या वाफ्यात पाटाच्या कडेला उभी आहे. पाणी बारीक होतं, मग थांबतं. चाकाचा आवाज नाही, पण तो तर आता कधीच नसतो. ती हाक मारत नाही. तिला वाटतं, उंदराने पाट फोडला असेल. ती वाकून एकेक बीळ शोधत, चिखलाने बुजवत, सावकाश केळीच्या बाजूने वर येते. विहिरीवर बैल धावेच्या खालच्या टोकाला शहाण्यासारखे उभे आहेत. रिती झालेली मोट वर लोंबते आहे. आणि तू धावेवर कुशीवर निजलेला. "अंगात ऊब होती रे," माय म्हणाली. वैद्याने सांगितलं, छातीचं होतं, लगेच कुणी पोचलं असतं तरी त्याच्या हाती काही नव्हतं. वैद्य भला माणूस होता, आणि भला माणूस दुसरं काय सांगणार!

माय चाकाबद्दल मला एका शब्दाने बोलली नाही. मीच शेवटी एकदा विचारलं, बाला ते मुकं चाक खुपत नव्हतं का? कण्यात मूठभर राख टाकली असती तर दोन दिवसांत पुन्हा ओरडू लागलं असतं. माय म्हणाली, "मी म्हनलं होतं त्याईले. शेजारच्यानंबी म्हनलं. तं म्हने, पोराच्या हातचं तेल हाय, राहू द्या." आणि मग पदराने डोळे न पुसता ती उठून चुलीकडे गेली. मला तिथेच, भर दुपारी, लहान पोरासारखं रडू आलं.

आता मी सेकंड इंजिनियर आहे. खाली इंजिनाजवळ गेलो की पोरं हातातलं काम टाकून सरळ उभी राहतात. कधी पहाऱ्यावर उभ्या उभ्या डुलकी लागल्यासारखं होतं आणि त्या दांड्यांच्या गोंगाटात मला किनरा, रडका सूर ऐकू येतो. केळीची पानं हलतात. तू पलीकडे आहेस. मी नाव न घेता हाक मारतो, मायसारखी. उत्तर येत नाही, पण आवाज चालू असतो, म्हणून मला बरं वाटतं.

चारच्या पहाऱ्याला मला खाली उतरायचं आहे, म्हणून एवढं लिहून टाकतो. बैलांच्या खांद्याला हलकं जावं म्हणून तेल घातलं, असं मी तुला सांगितलं, मायला सांगितलं, पुढे बायकोलाही सांगितलं. तसं नव्हतं, बा. त्या सुट्टीत पहिल्याच पहाटे तू मोट धरलीस, चाक ओरडू लागलं, आणि माझा मित्र कानावर उशी दाबून हसत म्हणाला, तुमच्याकडे रोज कुणाला गळा दाबून मारतात का रे? मीही त्याच्याबरोबर हसलो. आणि हसता हसता मला तुझ्या चाकाची लाज वाटली.