घराकडच्या दोन ओळी

शेतवस्ती, सास्तूर
१२ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप उमाशंकर अण्णांना,
धाकट्या सिद्धारामचा नमस्कार.

अव्वाचा गुडघा थंडीनं धरतो, पण सकाळी ती चालते, थोरल्या लेकाची आठवण काढते. हिवाळ्यातही कळ्या याव्यात म्हणून लावलेल्या रात्रीच्या दिव्यांचा ड्रॅगन फ्रूटला गुण येतो आहे. विहिरीकडच्या ओळींत कळ्या डोकावू लागल्या आहेत.

घराकडच्या दोन ओळींचे दिवे बंद ठेवू, असं मी फोनवर म्हणालो होतो. तारांचे जोड तापतात, किडे घरात येतात, असं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "जोड तापला तर टेप लाव. किड्याला भिऊन शेती होते व्हय? का तुझ्या राणीसाहेबांना झोप येईना?" तुमचा फोन स्पीकरवर होता. तुमच्या दुकानातली माणसं हसली. मी टेप लावली.

किडे येतात हे खोटं नाही, पण कारण ते नव्हतं.

शिवरंजनीला दिवस गेले आहेत. तिसरा महिना पुरा होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, ही आपली रीत. मागच्या दोन खेपा वाया गेल्यापासून अव्वा जास्तच भिते. "अण्णाला पण न्हाय सांगायचं," म्हणून तिनं माझ्याकडून वचन घेतलं. ते आज मी मोडतो आहे.

मंगळवारी तिला डाग दिसला. उमरग्याला नेलं. बाळाचे ठोके आहेत. डॉक्टरबाईंनी विचारलं, कुठं झोपता? गावातलं घर तुम्ही भाड्यानं दिल्यापासून आम्ही तिघं या पत्र्याच्या खोलीतच आहोत. पहाटेपर्यंत भिंतीवर उजेड असतो. खिडकीला गोधडी बांधली की तिचा जीव गुदमरतो.

बाईंनी मेलाटोनिन हा शब्द सांगितला. मी तो लिहून घेतला आणि म्हणालो, झोपेचं औषध ना? त्या म्हणाल्या, "नुसतं झोपेचं नाही. ते अंधारात आपल्याच अंगात तयार होतं. पेशींची झीज रोखतं, बाकीच्या हार्मोन्सची घडी सांभाळतं. पोटातल्या बाळाला आणि वारेलाही त्याचा आधार असतो. रात्री डोळ्यांवर उजेड असला की ते कमी होतं."

मी विचारलं, मग आधीची दोन दिव्यांमुळं गेली का?

"तसं मी म्हणणार नाही. ते कुणी सिद्ध केलेलं नाही. गोळ्याही मनानं घेऊ नका. अंधार द्या, विश्रांती द्या, पुढच्या आठवड्यात दाखवा."

अण्णा, घरी आल्यावर शिवरंजनी म्हणाली, "मोठ्या भावजींना नका सांगू. कळ्या कमी आल्या तर माझ्या नावावर जाईल." तसंच होईल हे मलाही माहीत आहे.

म्हणून विचारत नाही, कळवतो आहे. त्या दोन ओळींची तार मी आज दुपारी सोडवली. बाकीच्या ओळींचे दिवे वेळेवर लागतील. रागवायचं असेल तर मला रागवा, तिला फोन करू नका. दुकानात कुणाजवळ बोलू नका. तार परत जोड म्हणालात तर मी जोडणार नाही.

आजवर तुमचं ऐकत आलेला,
सिद्धाराम