गावकीत उभा राहिलेला माणूस

आये,

तुझा हात लई चालायचा. तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली की लोक तुझ्याबद्दल गोड बोलायला लागलेत. कष्टाळू होती म्हणतात, ते खरं आहे. सोशिक होती म्हणतात तेव्हा मात्र मला हसू आवरत नाही. आपल्या घरात एक भांडं धड नव्हतं, कारण प्रत्येक भांडं कधी ना कधी भिंतीवर नाहीतर माझ्यावर आपटलेलं होतं. माझा डिप्लोमाचा निकाल लागला तो दिवस घे. बाबा जाऊन दोन पावसाळे झालेत. तू चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापतेयस आणि मी मोठ्या शहाणपणाने सांगते, "बास झालं शिक्षण. रोह्याला कंपनीत पॅकिंगला पोरी घेतात, मी जाते." तू चुलीतलं जळतं लाकूड ओढतेस आणि माझ्या पोटरीवर हाणतेस. मी बोंबलत अंगणात पळते, आणि मागून तुझा आवाज येतो, "पॅकिंगलाच जायचं तर माझं मिठागर काय वाईट हाय? चल उद्यापासून!" मग स्वतःच तेल घेऊन बाहेर आलीस, आणि तेल लावतानाही शिव्या चालूच.

डिप्लोमावाल्यांना डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात, हे मला पॉलिटेक्निकच्या सरांनी सांगितलं होतं आणि तुला मी. मार्कांवर जागा मिळणार होती. पण कॉलेज लांब, म्हणजे हॉस्टेल आलं, मेस आली, पुस्तकं आली. हे सगळं उचलणारी एकच शिष्यवृत्ती होती, रोह्याच्या एका ट्रस्टची, खाडीकाठच्या गावांतल्या पोरांसाठी. मेख एवढीच की प्रत्येक गावाने एकच नाव पाठवायचं, आणि गाव म्हणजे गावकी. आपल्या गावकीत बाई बसत नाही, देवळाच्या भिंतीमागे उभी राहून ऐकते. नाव पुकारलं की ज्याची हरकत असेल त्याने उभं राहायचं, बसून राहिला तो राजी, ही आपली रीत. आधी माझं नाव पुकारायचं आणि मग पंचाच्या भाच्याचं, असं ठरलं होतं. भाचा धक्के खात खात पास झालेला. पण मी पोरगी, त्यातून बाप नसलेली. उद्या लग्न होऊन जाईल, गावाची शिष्यवृत्ती सासरच्या घशात कशाला, असं आठवडाभर नळावर ऐकू येत होतं. तू त्या नळावर दोघींना बादलीने बडवून आलीस.

गावकी बसली ती रविवारी दुपारी. तू अजून मिठागरावर होतीस. मी बायकांत, भिंतीमागे. पंचाने माझं नाव गिळलंच. सरळ भाच्याचं पुकारलं. सगळे खाली मान घालून बसलेले. आणि एकच माणूस उभा राहिला, आपला शेजारी काका. ज्याच्याशी आपलं बांधावरून वैर, ज्याने एकदा बाबाला शेतात पाडून चिखलात तोंड दाबलं होतं, तो. "पोरीचं नाव का गालला?" तो विचारतो, आणि मला माझ्या कानांवर विश्वास बसत नाही. नेमकी त्याच क्षणी तू येतेस. पायांवर मीठ सुकलेलं, खांद्यावर मीठ ओढायचा लाकडी दांडा. तुझ्या हिशोबाने माझंच नाव चाललेलं असणार. आणि तुला काय दिसतं? सगळं गाव बसलंय आणि तुझा वैरी एकटा उभा आहे. मी ओरडते, "आये, थांब! आये!" तू मला कोपराने बाजूला ढकलतेस.

नारळ फोडताना होतो तसला आवाज झाला. काका गुडघ्यांवर आला, कानावरून रक्त सदऱ्यात गेलं. मग पंचाच्या माणसांना रान मोकळंच मिळालं. केस धरून तुला फरशीवर पाडलं आणि तुडवलं. दांडा सुटेना म्हणून एकाने तुझ्या हातावर टाच दिली, तुझी बोटं मोडलेली मला ऐकू आली. मी आत घुसून एकाच्या दंडाला चावले, तर त्याने मला खांबावर आपटलं आणि माझा पुढचा दात तिथेच पडला. तू खालून ओरडतेयस, "मुडद्यांनो, पोरीला हात लावाल तर कापून काढीन!"

पंच म्हणाला, "झाला! या घराचा नावच नको. वाळीत टाका यांना." तेव्हा काका डोक्याला टॉवेल दाबून परत उभा राहिला. दोघांनी धरला होता, तरी हलत होता.

"माझी हरकत हाय," तो म्हणाला. "डोकं माझं फुटलंय, तुझं नाय. नाव पोरीचंच जाईल. नायतर बाईला कोनी कोनी तुडवलं ते पोलिसात जाऊन सांगतो." मग तुझ्याकडे बघून रक्ताची पिंक टाकली. "तुझ्यासाठी नाय, सटवे. याच्या भाच्याला मिलू नये म्हनून."

घरी मी तुझ्या हाताला हळद लावत सगळं सांगितलं. तू डाव्या हाताने माझ्या थोबाडीत दिलीस, दात पडलेल्या बाजूलाच. मग म्हणालीस, "मंग आता काय करू? जाऊन शिवू त्याचं डोकं?" आणि थोड्या वेळाने, चिडूनच, पण डोळे भरलेले, "आजवर एकदा तरी आपल्या बाजूनं बोलला व्हता काय तो? मला कसं कलनार?" माफी तू कधी मागितली नाहीस. पुढच्याच पावसाळ्यात तुम्ही दोघं बांधावर पुन्हा दगड घेऊन उभे.

पेणहून एसटीने आपण रोह्याला गेलो. ट्रस्टचे साहेब म्हणाले, "गावाने मुलीचं नाव पाठवलं, म्हणजे गावाचा भक्कम पाठिंबा दिसतो." मी तोंडावर हात धरून हसले. तू दाराशी उभी होतीस, मोडका हात पदराखाली. शिष्यवृत्ती मिळाली.

आज मी रोह्यातच कंपनीत आहे, सेफ्टी खात्यात, कुणाला इजा होऊ नये हे बघते. माझ्या पोरीवर मी हात उगारत नाही. बरं झालं आईवर गेली नाहीस, असं म्हणतात, आणि मी मान डोलावते. तुझा मार मी माफ केलेला नाही, आये. तो चूकच होता, आणि काकाचं डोकं फोडलंस तेही चूक. हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही, घडी करून साड्यांखाली ठेवीन. पण गेल्या महिन्यात माझी बढती डावलून दुसऱ्याला दिली. साहेब हळू आवाजात बोलले, सोबतच्यांनी चहा पाजला, नवरा म्हणाला, जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू. सगळे चांगलेच वागले. कुणाचा आवाजसुद्धा चढला नाही. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले, आणि बढतीसाठी नाही रडले. माझ्यासाठी तिथे जाऊन कुणाला तरी हाणायला तू हवी होतीस.