कोमेजलेली ज्वारी

मद्रास, सप्टेंबर १९८३, रात्र

आज गुम्मिडिपूंडीपलीकडच्या कोरडवाहू शेतावर थोरल्या भावाशी, अण्णाशी, भांडले. पावसाने दडी मारली आणि गाईंसाठी पेरलेली ज्वारी गुडघ्याएवढीच राहून कोमेजली. गाई तिच्याकडे बघून सारख्या हंबरतात.

"अण्णा, आत्ताच कापून घाल की!"

"अशा कोवळ्या, कोमेजलेल्या ज्वारीत विष असतं गं. खड्ड्यात दाबून, महिना-दीड महिना मुरवून मुरघास केला की ते उतरतं."

"तोवर नुसत्या पेंढ्यावर जगतील त्या?"

तो विळ्याला धार लावत राहिला. दगडाच्या काळजाचा वाटला मला, खरंच.

दुपारी शेजारच्या मुनियम्माची गाय कुंपणातून त्या ज्वारीत शिरली. थोडीच खाल्ली असेल. थरथरली, कोसळली, आणि गुरांचा डॉक्टर यायच्या आत गेली. मुनियम्मा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. 

अण्णाने आपली दुभती गाय लाली सोडली आणि स्वतः नेऊन मुनियम्माच्या दारात बांधली. मग आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत ज्वारी कापून खड्ड्यात तुडवत राहिलो.

भुकेल्या जनावराला नाही म्हणायचं, आणि तेही त्याच्या भल्यासाठी. अण्णाला हे रोज करायचंय. मला एक दिवससुद्धा जमलं नसतं.