घराला दार नाही, वाइनला लॉक

शनिशिंगणापूर,
रविवार, दुपारचं जेवण उरकून

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी जावई अजिनाथचा दंडवत.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? म्हैस व्याली असेल तर चीक पाठवू नका. खरवस करावा तर रोहिणीनंच, आणि ती तुमच्याकडे आहे. खरं तर फोनच करणार होतो. पण तो तुम्ही उचलता, शेजारून रोहिणीचं ‘झोपल्यात म्हना’ ऐकू येतं आणि तुम्ही स्वतःच ‘मी झोपलोय’ म्हणून सांगता. म्हणून पत्र.

जावई दारू गाळतो, असं रोहिणीनं तुम्हाला सांगितलं असेल. मामा, ते शास्त्र आहे हो! यंदा डाळिंबं तडकली, व्यापारी नुसता बघून पुढे गेला, म्हणून मी राहुरीला फळांच्या वाइनचं प्रशिक्षण घेऊन आलो. (परवान्याचं नंतर बघू, आधी हात बसवावा म्हटलं.) गोष्ट सोपी आहे. यीस्ट नावाचा डोळ्यांना न दिसणारा जीव रसातली साखर खातो, तिची दारू करतो आणि वर ढेकर देतो, म्हणजे गॅस. ढेकर बाहेर जायला वाट हवी, पण बाहेरची हवा आत यायला नको. आली की दुसरेच जंतू माजतात आणि वाइनचं व्हिनेगर होतं. त्यासाठी कॅनच्या बुचात पाणी भरलेली वाकडी नळी बसवतात. तिचं नाव एअरलॉक. हे नाव मी आईसमोर घेतलं आणि तिथेच घात झाला.

आमच्या गावात घराला दार नाही, कुलूप नाही. सगळी राखण शनिमहाराजांची. (लग्नात तुमची मंडळी दागिने उशाशी घेऊन रात्रभर जागी होती, ते आम्ही विसरलोय.) आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘‘घराला दार न्हाई, आन् तू दारूला लाक लावतो व्हय रं? म्हाराज काय म्हनतील!’’ मी पुन्हा पहिल्यापासून शास्त्र समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि मी शेतावर गेलो तशी नळी उपटून वर फडकं बांधलं. रस फसफसला, वास आळीभर गेला, आणि भजनाला निघालेल्या चांगुणामावशी नाकाला पदर लावून डोकावल्या. त्याच दुपारी रोहिणीनं पाथर्डीची एसटी धरली. वाइन तर झालीच नाही, नुसतं व्हिनेगर झालं! आईनं त्यात कांदे बुडवले, आणि आता रोज विचारते, ‘‘आनखी कधी करतो?’’ तेव्हा मामा, या घरात दारूचा थेंब नाही. तेवढं रोहिणीला सांगा आणि तिला धाडून द्या. महिना होत आला, घर खायला उठतं.

आपला,
अजिनाथ

ता. क. – एक सांगायचं राहिलं. रस गाळायला मऊ, स्वच्छ, लांबलचक कापड लागतं. घाईत मला सापडली ती रोहिणीची पोपटी साडी, तुम्ही संक्रांतीला स्वतः निवडून आणलेली. डाळिंबाचा डाग जात नाही, हेही शास्त्रच. ती साडी त्याच दुपारी रोहिणीच्या हाती लागली, पण ती तुम्हाला हे बोलली नसणार. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून दारूचंच कारण सांगितलं असेल. तशीच आहे ती.

आणखी एक ता. क. – रोहिणी, मामांचा चष्मा वेळेवर कधी सापडत नाही, म्हणजे हे पत्र पहिल्यापासून तूच मोठ्यानं वाचतेयस. इथून पुढचं मनात वाच. चुकलो गं. तुझ्यावाचून करमत नाही. येत्या रविवारी न्यायला येतो. का थांबलीस असं मामांनी विचारलं तर काहीतरी ठोकून दे. फक्त रडू नको, तेवढं त्यांना चष्म्याशिवायही दिसतं.