आपल्या भिंतीत खिळा

आबा, घरपट्टीत सूट मिळाली! सुधराईच्या, म्हणजे महापालिकेच्या कचेरीतून आत्ताच येतेय, चपलासुद्धा पायातच आहेत, आणि पहिलं तुम्हालाच सांगावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी. घर माझं आहे हो! मास्तरणीच्या पगारावर, कर्ज काढून घेतलेलं, दोनच खोल्यांचं, पण या सुरतेत स्वतःचं. मालक स्वतः राहत असेल तर पट्टी कमी बसते, म्हणून अर्ज केला होता. सूट नसती मिळाली तर कर्जाचा हप्ता देऊन पट्टी कुठून भरणार होते, देव जाणे.

परवा कचेरीचा माणूस तपासायला आला. कागद बघतो, मान हलवतो, आणि मग भिंतींकडेच बघत बसतो. आईने अजून एक खिळा ठोकू दिलेला नव्हता. कपडे ट्रंकेवर, कॅलेंडर डब्याला टेकवलेलं, पिशव्या कोपऱ्यात. आपल्या जुन्या खोलीत होतं तस्सं! "बेन, अहीं कोई रहेतुं नथी लागतुं," तो म्हणाला. इथे कुणी राहत असेल असं त्याला वाटेचना; तपासणीपुरतं सामान आणून मांडणारे त्याने पुष्कळ पाहिलेत म्हणे. झालं, सूट गेली!

त्याला काय सांगणार, आबा? सलाबतपुऱ्याच्या त्या भाड्याच्या खोलीत तुम्ही माझ्या दप्तरासाठी एकच खिळा ठोकला होतात. घरमालक केवढा ओरडला! रात्रपाळी करून आलेले तुम्ही, त्याच्यापुढे हात जोडून उभे. खिळा उपटलात, भोक चुन्याने बुजवलंत आणि मला म्हणालात, "आपलं घर व्हई तवय ठोकजो, माय, वाटतीन तितला." मला त्या घरमालकाचा अजून राग येतो. तेव्हापासून आईने कुठल्याच भिंतीला हात लावला नाही.

आणि परवा तीच आई उठली! वरवंटा घेतला, सुताराचा उरलेला खिळा शोधला. "थांब भाऊ, आते दखाडस तुले. मन्ही पोरनं घर शे हाई!" असं म्हणत नव्याकोऱ्या गिलाव्यात असा दणका घातला की बचकभर पोपडा खाली. वर तुमचा फोटो टांगला, तोही तिरका. मी तर डोळेच मिटून घेतले. तो माणूस कपाळाला हात लावून हसतोय, "बस करो, मासी! पारका घरमां आवुं कोई न करे!" खरंच, परक्याच्या घरात असं कोण करेल! आणि तिथल्या तिथे त्याने 'मालक स्वतः राहतात' असा शेरा लिहिला.

आता आई थांबायचं नाव घेत नाही. चाळणीला खिळा, छत्रीला खिळा, माझ्या शाळेच्या पिशवीलाही खिळा. शेजारीण म्हणते, अहो, भिंत पडेल! पडू दे, आमची आहे.

हे पत्र टाकणार तरी कुठे? तुमच्या फोटोमागे खोचून ठेवते. फक्त एक गोष्ट आईला सांगितलेली नाही. दाराशेजारचा खिळा मी ठोकलाय. टॉवेलसाठी, असं तिला सांगितलं. तो तुमच्या सदऱ्यासाठी आहे.